वरची ओळ, खालची ओळ

आवंढा गिळून पाहा. खालचा जबडा वर येतो, दाढा दाढांना टेकतात, क्षणभर घट्ट बसतात आणि सुटतात. दिवसभरात असे शेकडो वेळा घडते आणि आपल्या ध्यानीमनीही नसते. जेवणखाण धरूनसुद्धा चोवीस तासांत दात प्रत्यक्ष टेकलेले असतात तो वेळ अर्ध्या तासाच्या आतबाहेरच भरतो. एरवी ओठ मिटलेले असले तरी दोन ओळींच्या मध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. त्या थोडक्या वेळात वरचा कोणता दात खालच्या कोणत्या दातावर कसा येतो, याला दंतवैद्यकात ऑक्लुजन म्हणतात. हे पुस्तक तेवढ्या एका गोष्टीबद्दल आहे, आणि ती सांगताना डॉक्टर जे शब्द वापरतात त्यांच्याबद्दल.

राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण काठावर दिघी आहे. पलीकडे आगरदांडा, खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा जंजिरा, अलीकडे बोर्ली पंचतन, दिवेआगर आणि थेट श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या. इथल्या मुलाच्या दातांना तार लावायची तर बहुतेकांना अलिबाग, महाड, पनवेल, नाहीतर सरळ मुंबई गाठावी लागते. तारेचा उपचार सहसा दीड-दोन वर्षे चालतो आणि दर महिन्या-दीड महिन्याला दाखवायला जावे लागते. म्हणजे दर खेपेला फेरीबोट, एसटी, बुडालेला रोज आणि मुलाची बुडालेली शाळा. एवढे करून आईबाप घरी येतात तेव्हा हातातल्या केसपेपरवर एक ओळ असते : ‘क्लास टू, डिव्हिजन वन, ओव्हरजेट नऊ मिलिमीटर, डीप बाइट.’ लेकराच्या तोंडाची सगळी हकिकत त्या ओळीत असते. ती आईला वाचता आली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ओळ समजली की पुढचे प्रश्न विचारता येतात : आत्ताच करायचे की थांबायचे, कशासाठी करायचे, नाही केले तर काय होईल. ज्यांना उत्तरे मिळालेली असतात, ते पालक भर पावसाळ्यातही तारीख चुकवत नाहीत.

शब्दांकडे वळण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करू या. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द नाते सांगतो. दोन दातांमधले, दोन ओळींमधले किंवा दोन जबड्यांमधले. ‘हिचे वरचे दात पुढे आलेत’ असे आपण सहज म्हणून जातो. पण वरचे दात कदाचित जिथे हवेत तिथेच असतील आणि खालचा जबडा वाढीत मागे राहिला असेल. आरशात दोन्ही मुली सारख्याच दिसतात, उपचार मात्र एकीचा वरच्या दातांवर आणि दुसरीचा खालच्या जबड्याच्या वाढीवर करायचा असतो. म्हणूनच डॉक्टर एकट्या दाताकडे बघून काही बोलत नाहीत. आधी ‘दाढा मिटा’ म्हणतात, आणि मग बघतात.

नाते तीन दिशांनी मोजले जाते : पुढे-मागे, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे. पुढच्या दातांपासून सुरुवात करणे सोपे. निरोगी तोंडात दाढा मिटल्या की वरचे पटाशीचे दात खालच्या पटाशीच्या दातांच्या किंचित पुढे येतात आणि त्यांना वरून थोडे झाकतात. अडकित्त्याचे पाते खालच्या दांडीला घासून जरासे खाली उतरते आणि सुपारी तुटते, तसेच हे काम चालते. वरच्या दाताची कड खालच्या दाताच्या किती पुढे आहे, ते आडवे अंतर म्हणजे ओव्हरजेट. ते दोन-तीन मिलिमीटर असावे. वरच्या दाताने खालचा दात किती झाकला, ते उभे माप म्हणजे ओव्हरबाइट. साधारण एक तृतीयांश दात झाकला जावा. बोलताना लोक या दोन मापांची हमखास गल्लत करतात आणि पुढे आलेल्या दातांना सरसकट ओव्हरबाइट म्हणतात. पुस्तकात ही दोन मापे मुद्दाम वेगवेगळ्या चित्रांत दिली आहेत, कारण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. ओव्हरजेट वाढला की पडताना, खेळताना पुढच्या दातांना मार बसण्याचा धोका वाढतो. ओव्हरबाइट फार खोल गेला, म्हणजे डीप बाइट झाला, की खालचे दात टाळूकडच्या हिरडीत रुतू शकतात आणि तिथे कायमची जखम राहू शकते. अशा माणसाला आपले दात पुढे आलेले कधी वाटलेलेच नसतात. तो जेवताना टाळू दुखते म्हणून येतो.

वरचे आणि खालचे दात कडेला कड लागून बसले तर ते एज-टू-एज. वरचा दात खालच्याच्या आत गेला तर क्रॉसबाइट; तो पुढच्या दातांत होतो तसा दाढांतही होतो. वरची दाढ इतकी गालाकडे गेली की मिटताना खालच्या दाढेला तिचा घासणारा पृष्ठभाग लागतच नाही, तर सिझर बाइट. आणि दाढा मिटूनही पुढे फट राहत असेल तर ओपन बाइट. ओपन बाइट असलेल्या मुलाला सुक्या बोंबलाचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, जाळे सांधताना दोरा तोडता येत नाही. तो सगळे तोंडाच्या कोपऱ्याकडे, सुळ्यांकडे नेतो. घरच्यांना ती त्याची लकब वाटते. चार-पाच वर्षांनंतरही सुटलेली नसलेली अंगठा चोखण्याची सवय, गिळताना दातांच्या मध्ये येणारी जीभ, नाक चोंदल्यामुळे तोंडाने चालणारा श्वास, ही यामागची नेहमीची कारणे आहेत. तेव्हा अंगठा चोखणाऱ्या मुलावर ओरडण्याआधी त्याचे नाक मोकळे आहे का, तेही बघावे.

क्रॉसबाइटबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण तो लवकर दिसला तर फायदा मोठा असतो. वरची ओळ अरुंद असली की मिटताना एखादा दात आधी टेकतो, आणि तो अडथळा चुकवायला मूल खालचा जबडा एका बाजूला सरकवून दाढा बसवते. सात वर्षांच्या मुलात ही नुसती सरकण्याची सवय असते. ती तशीच राहिली तर जबडा वाढताना तिरकेपण हाडात उतरते आणि मग तारेने भागत नाही. एका पटाशीच्या दाताचा क्रॉसबाइट वेळेत पाहिला तर साध्या काढ-घाल करायच्या प्लेटने काही महिन्यांत सुटू शकतो.

आता केसपेपरवरचा ‘क्लास’. हे वर्ग एडवर्ड हार्टली अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली मांडले. त्याने सगळ्या तोंडाची किल्ली म्हणून वरची पहिली मोठी दाढ धरली. तिला गालाच्या बाजूला दोन उंचवटे असतात. त्यांतला पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसला तर क्लास वन. खालची दाढ त्या जागेच्या मागे राहिली तर क्लास टू. त्यात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतील तर डिव्हिजन वन, आतल्या बाजूला कललेले असतील तर डिव्हिजन टू. खालची दाढ पुढे सरकली तर क्लास थ्री. क्लास वन ऐकले की पालक निर्धास्त होतात, सगळे उत्तम आहे असे समजतात. त्याचा अर्थ इतकाच की दाढांचे पुढे-मागे नाते बरोबर आहे. पुढचे दात एकमेकांवर चढलेले असू शकतात, वळलेले असू शकतात. क्लास थ्रीची जगाच्या इतिहासातली ठळक उदाहरणे म्हणजे युरोपातले हॅब्सबर्ग राजे. त्यांच्या चित्रांत पिढ्यान्‌पिढ्या पुढे आलेली हनुवटी दिसते, आणि जबड्याचा घाट घराण्यातून उतरतो हे त्यावरून डोळ्यांना कळते. अशा मुलाला वाढ चालू असतानाच, शक्यतो दहा वर्षांच्या आत दाखवावे. वाढ संपल्यावर पुष्कळदा शस्त्रक्रियाच उरते.

अँगलची मांडणी सव्वाशे वर्षे टिकली ती तिच्या साधेपणामुळे. तिच्यात उभी दिशा नाही, आडवी नाही, चेहरा नाही. ती उणीव पुढच्यांनी भरून काढली. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी तार न लावलेल्या, मुळातच उत्तम जुळणाऱ्या १२० तोंडांचे साचे तपासले आणि १९७२ साली चांगल्या जुळणीची सहा लक्षणे सांगितली. बिघाडाऐवजी निसर्गतः नीट असलेली तोंडे आधी पाहायची, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

हीच रीत आपल्याकडे फार जुनी आहे. काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन आयुर्वेद ग्रंथ. त्याची खंडित ताडपत्री पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ साली ती मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून आली. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांनी तिला विस्तृत उपोद्घात लिहिला. या ग्रंथात दात येण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. दात येण्याच्या चार तऱ्हा तिथे सांगितल्या आहेत. त्यांतली विवृत ही तऱ्हा म्हणजे ओठांनी न झाकले जाणारे, सतत लाळ गळवणारे आणि लवकर बिघडणारे दात. चौथी तऱ्हा दंतसंपत्, म्हणजे उत्तम दात. तिच्या लक्षणांत दात पूर्ण, सम, घट्ट, पांढरे, गुळगुळीत असावेत हे तर आहेच. शिवाय वरचे दात किंचित पुढे उचललेले असावेत, असेही आहे. मिलिमीटरची पट्टी हाती नसताना केवळ पुष्कळ मुलांच्या तोंडांत बारकाईने पाहून हे निरीक्षण झाले असावे. ओव्हरजेट शून्य नसावा, थोडा असावा, हेच ते. दंतवैद्यकाच्या आजच्या विद्यार्थ्याने हा अध्याय एकदा तरी वाचावा.

चेहऱ्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. अँगलने सुरुवातीला ग्रीक देवतेच्या, अपोलो बेल्व्हेडरच्या, पुतळ्याचा चेहरा आदर्श म्हणून समोर ठेवला होता. पुढे एका चित्रकाराच्या सांगण्यावरून त्याने ते मत बदलले, पण युरोपीय चेहऱ्यांवर बेतलेली मापे दंतवैद्यकात कितीतरी वर्षे वावरली. दिघीत उभे राहून हा प्रश्न आणखी स्पष्ट दिसतो. समोरच्या जंजिऱ्यावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे राज्य होते. या काठावर कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान अशा कितीतरी समाजांचे चेहरे शेजारी-शेजारी नांदतात. कोणाचे ओठ भरदार, कोणाच्या दोन्ही ओळी थोड्या पुढे कललेल्या, कोणाची हनुवटी आखूड. यातल्या प्रत्येकाचे दात आपापल्या चेहऱ्यात नीट जुळलेले असू शकतात. दोन्ही ओळी सारख्याच पुढे असतील, ओठ सहज मिटत असतील, चावता येत असेल, तर तिथे रोग नाही. लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या दातांवर जे शेरे मारले जातात, ते या पुस्तकातल्या शब्दांच्या आधाराने कोणी मारू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या पुस्तकात सगळ्यात जास्त पाने मुलांच्या दातांना दिली आहेत. दुधाचे दात वीस. ते पडणारच आहेत म्हणून किडले तरी चालेल, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ त्या जागेत पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट राहत नाही. तो मग आडवा येतो, अडकतो किंवा ओळीबाहेर फुटतो. दाढ काढावीच लागली तर जागा राखण्यासाठी स्पेस मेंटेनर नावाची छोटी कडी बसवतात. ती बसवायची का, हे त्याच दिवशी विचारावे.

दुसरी गोष्ट सहा वर्षांच्या दाढेची. अँगलने किल्ली म्हणून धरली तीच ही दाढ. ती साधारण सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिला जागा देण्यासाठी कुठलाही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. बिस्किटाचा लगदा तिच्या खाचांत बसतो, ती किडते, आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून तशीच राहते. ती गेली की तिच्या मागची दाढ पुढे कलते, समोरच्या ओळीतली दाढ रिकाम्या जागेत लोंबते, आणि एका दाताच्या जाण्याने तोंडाची एक अख्खी बाजू बिघडते. पुस्तकातले एकच पान वाचायला वेळ असेल तर या दाढेचे वाचा.

उलट, काही गोष्टींची काळजी करू नये. दुधाच्या दातांतल्या फटी चांगल्या असतात. मोठ्या दातांना त्या लागतात. आठ ते अकरा वर्षांच्या वयात वरचे दोन पटाशीचे दात फाकलेले दिसतात, मध्ये फट पडते. वरचे सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी खाली आले की ही फट बहुधा आपोआप बुजते. या वयात घाईने तार लावून घेण्याची गरज पुष्कळदा नसते.

मोठ्यांचे दात एका जागी स्थिर राहतात, असे मानू नये. ते आयुष्यभर झिजतात आणि सरकतात. जुने दात याची साक्ष देतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीतली दफने उजेडात आणली. त्यांत बरीचशी लहान मुलांची, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा, त्यात दातांचाही, अभ्यास करून १९८६ साली तो प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून दात हा माणसाच्या खाण्याचा आणि लहानपणीच्या आजारांचा सगळ्यात टिकाऊ दाखला ठरतो. जगभरातल्या जुन्या कवट्यांत आणखी एक गोष्ट दिसते : भरड, कणदार खाणे खाणाऱ्यांचे दात लवकर झिजत आणि मोठेपणी पुढचे दात कडेला कड लागून बसत. पर्सी बेग यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या दातांवरून १९५४ साली ही झीज स्वाभाविक मानण्याचा आग्रह धरला. शेतीबरोबर मऊ, शिजवलेले अन्न वाढले तसा लहानपणचा ओव्हरबाइट मोठेपणीही टिकू लागला.

या टिकलेल्या ओव्हरबाइटचा बोलण्याशी संबंध असावा, असे चार्ल्स हॉकेट या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली सुचवले. खालचा ओठ वरच्या दातांना लावून उच्चारायचे ध्वनी वरचे दात पुढे असतील तर सोपे जातात; आपला ‘व’ म्हणताना ओठ कुठे जातो ते पाहा. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासाने या कल्पनेला बळ दिले. त्यावर मतभेद आहेत, तरी दातांची जुळणी शेतीशी आणि भाषेशी जोडून पाहण्याचे धाडस मला आवडते.

सुपारीबद्दल लिहिल्याशिवाय या किनाऱ्यावरचे दातांचे पुस्तक पुरे होणार नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे आणि तिच्यावर घरे चालतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, तेव्हा काय गेले ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या कष्टांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो : सुपारी चघळणे तोंडाला घातक आहे. कठीण सुपारीने दाढांचे उंचवटे घासून सपाट होतात आणि वरचा उंचवटा खालच्या खाचेत बसण्याचे नातेच पुसले जाते. त्याहून गंभीर म्हणजे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. भारतीय डॉक्टर जोशी यांनी १९५३ साली या रोगाला सबम्युकस फायब्रोसिस म्हटले. पुढे कर्करोग होण्याचा धोका त्यात असतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीची नोंद निश्चित कर्करोगकारक पदार्थांत केली. आपली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात नसतील तर लगेच दाखवावे. मिश्रीही अशीच घातक : तिच्यातल्या भाजलेल्या तंबाखूने हिरड्या खराब होतात, दात सैल होतात आणि चाळिशी-पन्नाशीत पूर्वी नीट असलेले वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरू लागतात.

अपघाताच्या प्रकरणात एकच गोष्ट सांगायची आहे. मोटारसायकलवरून पडून जबड्याला मार लागला तर सूज उतरण्याची वाट पाहू नका. ‘दात पूर्वीसारखे जुळतात का?’ एवढे विचारा. ‘जुळत नाहीत’ असे उत्तर आले तर हाड मोडले असण्याचा दाट संशय धरावा. मोडलेला जबडा जागेवर आणताना शल्यचिकित्सकही दातांची जुळणीच प्रमाण मानतात आणि वरच्या-खालच्या ओळी तारेने एकत्र बांधतात. अमेरिकेत थॉमस गिल्मर यांनी १८८७ साली ही पद्धत वापरात आणली. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांसाठीचे प्रकरण शेवटी आहे. कवळी बोलताना खटखट वाजत असेल किंवा एकाच बाजूला टोचत असेल, तर ती खूप वेळा हिरडीवर नीट बसलेली असते आणि दोष फक्त जुळणीत असतो. निळा कागद दातांत धरून, जास्त टेकणारी जागा शोधून घासली की आराम पडतो. त्यासाठी नवी कवळी करावी लागत नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत मुलांची तपासणी होतेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायच्या आहेत, आणि दातांचे आजार त्या यादीत आहेत. तपासणीचे पथक येण्याआधी शिक्षिकेने किंवा आशाताईने एकदा बघून ठेवले तर नेमकी मुले पथकापुढे उभी करता येतील. मुलाला खुर्चीवर ताठ बसवावे, मान सरळ, नजर समोर. ‘दात मीट’ म्हटले की मुले पुढचे दात पुढच्यांवर ठेवून दाखवतात, म्हणून त्याला जिभेचे टोक टाळूला मागे लावायला सांगावे आणि तसेच आवंढा गिळून दाढा मिटायला सांगावे. मग स्वच्छ हाताने ओठ आणि एकेक गाल बाजूला करून बघावे : पुढे किती अंतर, किती झाकले, कुठे आत गेला, कुठे फट, मिटताना हनुवटी एकीकडे सरकते का. पुस्तकातली सगळी चित्रे मुलाच्या समोर बसून पाहिल्यासारखी काढली आहेत, म्हणजे मुलाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येईल. नोंद करताना उजवे-डावे मुलाचे लिहावे, स्वतःचे नव्हे.